‘असावे’चा अर्थ कोण लावणार?

आमचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड तापला की मुका व्हायचा. सगळे बोर्ड नाहीत, पाचातला एखादा. पंख्याचा झोत मारला की पुन्हा बोलायला लागायचा. अशा बिघाडात संशय आधी सोल्डरवर जातो, मग पॉवर सप्लायवर, मग लेआउट करणाऱ्यावर. आम्हीही याच क्रमाने गेलो. दोन दिवस घालवून शेवटी ऑसिलोस्कोपचा प्रोब क्लॉकच्या, म्हणजे बाकीच्या चिपांना ताल देणाऱ्या सिग्नलच्या, ट्रेसवर टेकवला, तर जिथे उभी कड दिसायला हवी तिथे टेकडीचा उतार दिसला. क्लॉक वेळेवर येत होता, पण मरतुकडा येत होता. दूरच्या टोकाला बसलेल्या चिपला तो कधी कळायचा, कधी नाही.

क्लॉक देणारी चिप होती एसआय५३५१. या धंद्यातल्या बहुतेकांच्या हाताखालून कधी ना कधी गेलेली. शेजारी २५ किंवा २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावायचा, आतल्या दोन पीएलएलना (क्रिस्टलच्या तालावरून वेगवान ताल बनवणाऱ्या सर्किटांना) कामाला जुंपायचं आणि अडीच किलोहर्ट्झपासून २०० मेगाहर्ट्झपर्यंत हवे ते क्लॉक बाहेर काढायचे. प्रत्येक आउटपुटने किती जोर लावायचा हेही सांगता येतं: २, ४, ६ किंवा ८ मिलिअँपिअर. आमच्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्सला सांगणाऱ्या फायलीत, ८ लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं. तरी खात्री करावी म्हणून आयटूसीवरून (चिपांशी बोलायच्या दोन तारांच्या मार्गावरून) चिपचं १६ क्रमांकाचं रजिस्टर, म्हणजे तिच्या आतला सेटिंगचा कप्पा, वाचलं, तर शेवटचे दोन्ही बिट शून्य. म्हणजे २ मिलिअँपिअर.

त्यानंतर कारण सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जोर लिहिण्याच्या प्रॉपर्टीच्या, म्हणजे डिव्हाइस ट्रीतल्या त्या नोंदीच्या, नावात ‘स्ट्रेंथ’चं स्पेलिंग चुकलं होतं. शेवटी टी आणि मग एच यायला हवं, ते उलटं पडलं होतं. ध चा मा झाला होता आणि कोणी हूं का चूं केलं नव्हतं.

यात दोष कोणाचा, हे शोधायला गेलं की खरी गंमत. डिव्हाइस ट्रीचा कंपायलर व्याकरण बघतो. कंस जुळले, अर्धविराम पडले की त्याचं काम झालं. नाव काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चिप चालवणारा ड्रायव्हर त्याला हव्या त्या नावाने हाक मारतो, आणि ओ आली नाही तर ‘वैकल्पिक आहे, दिलेलं नसेल’ असं समजून पुढे जातो. ८च्या जागी मी १० लिहिलं असतं, तर निदान बूट होताना ड्रायव्हरने कुरकुर केली असती. चूक किमतीत न होता नावात झाली म्हणून ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली. आणि कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येणारं त्या चिपचं डॉक्युमेंटेशन? ते बरोबर होतं. नाव बरोबर, चारही किमती बरोबर. ते वाचूनच तर मी लिहायला बसलो होतो. पण ते पडलं साधा मजकूर. तो माझ्या वहीत डोकावून ‘इथे चुकलास’ म्हणणार कसा?

हार्डवेअरचं वर्णन करणारी ही सार्वजनिक टिपणं मजकुरातून स्कीमात, म्हणजे यंत्राला तपासता येतील अशा नियमांत, आणण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. ते व्हायलाच हवं, असं माझं मत आहे. पण ते ज्या वृत्तीने अनेकदा होतं, म्हणजे कारकुनी समजून, नवख्यांच्या गळ्यात बांधून, तपासणीत निघणाऱ्या इशाऱ्यांचा आकडा खाली आणण्यासाठी, त्या वृत्तीने त्यातला अर्धा फायदा मातीत जातो. या मताचे दोन्ही भाग मला सारख्याच आग्रहाने मांडायचे आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. यूएसबीचं उपकरण जोडलं की ते आपली ओळख आपणच सांगतं. पीसीआय कार्डही सांगतं. आयटूसीवरची क्लॉक चिप असलं काही सांगत नाही. ती हेक्समधल्या ६० या पत्त्यावर गप्प बसून असते. तिथे कोण बसलंय, तिला कुठला क्रिस्टल जोडलाय, तिच्या कुठल्या आउटपुटवर कोणाची रोजीरोटी अवलंबून आहे, हे बाहेरून कोणीतरी लिहून द्यावं लागतं. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांसाठी लिनक्समध्ये ही माहिती पूर्वी सी भाषेतल्या फायलींत भरलेली असायची. बोर्ड आला की फाइल आली, आणि बोर्ड तर रोज नवे येत होते. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल जाहीरपणे, आणि त्यांच्या नेहमीच्या भाषेत, वैताग व्यक्त केला. त्यानंतर एआरएमवाल्यांनी डिव्हाइस ट्रीची वाट झपाट्याने धरली. कल्पना जुनीच होती. सन कंपनीच्या वर्कस्टेशनांवरच्या फर्मवेअरमध्ये ती वाढली, १९९४ साली आयईईई १२७५ म्हणून तिचं मानक झालं, आणि पॉवरपीसी प्रोसेसरवर लिनक्स ती आधीपासून वापरत होताच.

डिव्हाइस ट्री हे बोर्डाचं वर्णन. त्या वर्णनात कोणते शब्द चालतील आणि त्यांचा अर्थ काय, हे ठरवणारा कागद म्हणजे बाइंडिंग. मी त्याला करार म्हणतो. कारण बोर्ड एकदा बाहेर पडला आणि त्याच्या फर्मवेअरमध्ये डिव्हाइस ट्री जाऊन बसली, की उद्याच्या कर्नललाही कालचे शब्द कळावे लागतात. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि यू-बूट हा बूटलोडर (कर्नल चालू करून देणारा प्रोग्रॅम) हे प्रकल्पही लिनक्सच्या झाडातून, म्हणजे सोर्स कोडच्या साठ्यातून, ही वर्णनं उचलतात. एखाद्याने संध्याकाळी घाईत लिहिलेला एक शब्द अशा रीतीने तीन-चार प्रकल्पांच्या आणि कित्येक वर्षांच्या गळ्यात पडतो.

आणि हे करार आपण बरीच वर्षं लिहिले कसे, तर पत्र लिहावं तसे. वर चिपचं नाव, खाली ‘आवश्यक प्रॉपर्टी’, त्याखाली ‘वैकल्पिक प्रॉपर्टी’, शेवटी एक उदाहरण. दोन फायलींची मांडणी सारखी नाही. इंग्रजीतल्या ‘शॅल’, ‘शुड’, ‘मे’ या तीन क्रियापदांवर सगळी मदार. सरकारी पत्रात ‘उपस्थित राहावे’ असं येतं, तेव्हा नाही गेलं तर काय होईल हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. इथेही तसंच होतं.

२०१८-१९च्या सुमारास, मुख्यतः लिनक्समधल्या डिव्हाइस ट्रीचे मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे, रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने, यावर उपाय आला: बाइंडिंग यॅमल या ठरावीक मांडणीच्या फायलीत लिहायचं, आणि त्यातला शब्दसंग्रह जेसन स्कीमा या नियम लिहिण्याच्या पद्धतीचा घ्यायचा. काय हवंच आहे, काय चालेल, कुठल्या किमती मान्य, आणि शेवटी ‘याखेरीज दुसरी कुठलीही प्रॉपर्टी नको’ ही एक ओळ. पायथॉनमधलं एक साधन ही फाइल वाचतं, तिच्यातलं उदाहरण कंपाइल करून पाहतं, आणि मग खऱ्याखुऱ्या बोर्डांच्या डिव्हाइस ट्री तिच्याशी ताडून बघतं. माझी एच-टीची चूक त्या शेवटच्या ओळीने क्षणात पकडली असती. बोर्ड तापवायची गरज नव्हती. बोर्ड असण्याचीही नव्हती.

इथपर्यंत कोणाचा फारसा विरोध नसतो. विरोध सुरू होतो तो ‘मग बदला ना पटापट, त्यात काय एवढं’ या सुरापाशी. मजकूर आहे, त्याला यॅमलचा साचा लावायचा, दोन तासांचं काम. मी स्वतः असाच समज घेऊन एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या क्लॉक चिपच्या बाइंडिंगचं रूपांतर करायला बसलो होतो. दोन तासांत साचा लागलाही. उरलेले तीन आठवडे कशात गेले, ते एसआय५३५१च्याच उदाहरणाने सांगतो, कारण ती चिप आणि तिचा जुना मजकूर पुष्कळांनी पाहिलेला आहे.

‘वैकल्पिक’ हा एकच शब्द घ्या. जुन्या मजकुरात ड्राइव्ह-स्ट्रेंथ (आउटपुटचा जोर) वैकल्पिक आहे. चांगलं. दिली नाही तर काय? चिप रीसेट झाल्यावर जी किंमत असते ती? पण या चिपमध्ये एकदाच लिहिता येणारी मेमरीही आहे. कारखान्यातूनच त्यात वेगळी किंमत जाळून आणता येते, मग सुरुवात तिथून होते. की बूटलोडरने क्लॉक आधीच चालू केला असेल तर त्याने ठेवलेली किंमत? ड्रायव्हर उघडून पाहिला तर कळतं की प्रॉपर्टी नसेल तर तो त्या बिटांना हातच लावत नाही. आधी जे असेल ते राहू देतो. म्हणजे ‘वैकल्पिक’चा खरा अर्थ ‘आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय ते बघा’ असा निघाला. मजकुरात हे लिहिलेलं नव्हतं आणि मजकूर लिहिणाऱ्याला ते लिहावं लागलंही नाही, कारण साधा मजकूर असले प्रश्न विचारत नाही. स्कीमात मात्र ‘डीफॉल्ट’ नावाची जागा आहे. ती रिकामी ठेवली तरी तो निर्णय असतो आणि भरली तरी. भरायला गेलात की लक्षात येतं, भरण्यासारखं एक उत्तरच नाही. मग ती रिकामी सोडून वर्णनात दोन वाक्यं लिहावी लागतात. या दोन वाक्यांसाठी डेटाशीट, ड्रायव्हर आणि शक्य असेल तर एक बोर्ड लागतो.

दुसरं उदाहरण, आउटपुटच्या नावांचं. मजकुरातल्या नमुन्यात आउटपुटच्या नोडची, म्हणजे डिव्हाइस ट्रीतल्या त्याच्या नोंदीची, नावं क्लॉकआउट-शून्य, क्लॉकआउट-एक अशी सलग होती आणि आत ‘रेग’मध्ये क्रमांक होता. पण डिव्हाइस ट्रीचा सर्वसाधारण नियम असा की आत ‘रेग’ असेल तर नोडच्या नावात ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि तो क्रमांक यायला हवा. नमुनाच नियमाबाहेरचा, आणि लोक तर नमुनाच उचलतात! नियम कोण वाचतं? आता रूपांतर करणाऱ्यासमोर पेच: जुन्या पद्धतीला मान्यता द्यायची, तर स्कीमा जन्मतःच वाकडा होतो. नवी पद्धत सक्तीची करायची, तर ज्यांनी प्रामाणिकपणे नमुना उतरवून घेतला त्यांच्या फायली एका रात्रीत चुकीच्या ठरतात, आणि त्या दुरुस्त करण्याचं कामही तुमच्याच अंगावर येतं. मी दुसरा रस्ता बरोबर मानतो. नाव बदलल्याने ड्रायव्हरचं काही अडत नसेल, तर स्कीमाने सरळ बाजू घ्यावी आणि फायली तिच्यामागे न्याव्यात. पण हे ठरवण्याआधी ड्रायव्हर नोडची नावं वाचतो की फक्त क्रमांक, हे पाहायलाच लागतं. साचा लावणारा ते पाहत नाही.

तिसरं, चिपच्या जातींचं. एक जात दहा पायांच्या आवरणात येते, तिला तीनच आउटपुट. वीस पायांच्या मोठ्या आवरणात आठ. एका जातीला क्रिस्टलशिवाय बाहेरून क्लॉक घेण्याचीही सोय आहे, बाकीच्यांना नाही. मजकुरात हे ‘फक्त सी जातीसाठी’ एवढ्या शब्दांत निभावतं. स्कीमात त्याची ‘जर-तर’ अशी अट होते, आणि ती लिहिली की तीन आउटपुटांच्या चिपवर पाचवा आउटपुट मागणारा बोर्ड लगेच उघडा पडतो. हे मला फार आवडतं, हे मान्य करतो. वाचणाऱ्याने सावध राहावं असं म्हणण्याऐवजी कागदच सावध राहतो.

पण याच चिपच्या डेटाशीटमध्ये असंही एक वाक्य आहे की ११२.५ मेगाहर्ट्झच्या वरचे वेगवेगळे क्लॉक एका वेळी फक्त दोनच काढता येतात. पीएलएल दोनच, आणि त्यांचा आवाका ६०० ते ९०० मेगाहर्ट्झ. त्यामुळे वरच्या टोकाला भागाकाराला हातपाय हलवायला जागाच उरत नाही. हा नियम स्कीमात कसा लिहाल? तो कुठल्याही एका प्रॉपर्टीचा नियम नाही. आठ नोडांतल्या आठ किमतींचा मिळून तो नियम होतो, तोही काही क्लॉक नंतर ड्रायव्हर चालू असताना बदलणार नाहीत असं धरलं तर. जेसन स्कीमाला किमतीचा आकार तपासता येतो, किमतींमधलं हे गणित करता येत नाही. शेवटच्या दोन आउटपुटांना फक्त सम पूर्णांकानेच भागता येतं, ही मर्यादाही तशीच. म्हणून स्कीमा हिरवा झाला म्हणजे बोर्ड बरोबर आहे असं समजणाऱ्याला मी हात जोडतो. स्कीमा हिरवा झाला म्हणजे बोलीभाषा शुद्ध आहे. बोललेलं खरं आहे की नाही, ते पुढचं.

नेमकं इथेच रूपांतरात एक गोष्ट हातातून निसटते. जुन्या मजकुरात पुष्कळ गाळ होता, पण अधूनमधून एखादा अनुभवाचा खडा सापडायचा. ‘हा बिट बदलल्यावर पीएलएल रीसेट करा, नाहीतर फेज सरकतो’ अशा धाटणीचं काहीतरी. (फेज म्हणजे आउटपुटांच्या तालांमधलं अंतर.) कोणीतरी रात्र घालवून मिळवलेलं. साचा लावणारा येतो, त्याला या वाक्याला जागा सापडत नाही. हे कुठल्या प्रॉपर्टीचं वर्णन आहे? कुठल्याच नाही. हे ड्रायव्हरबद्दल आहे की हार्डवेअरबद्दल? धूसर आहे. बाइंडिंगने हार्डवेअरचं वर्णन करावं, ड्रायव्हरचं नाही, असा नियम आहे आणि नियम योग्यच आहे. मग काय, वाक्य गळतं. पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या बदलांच्या यादीत, उणे चिन्हाच्या लाल ओळींत ते एकदा शेवटचं दिसतं.

नियमावर माझा राग नाही. पण फेज सरकणं हा सिलिकॉनचा स्वभाव आहे, ड्रायव्हरचा नव्हे. ते वाक्य जरा उलटं फिरवून लिहिलं की हार्डवेअरचं वर्णन होतं आणि नियमात अलगद बसतं. ‘रीसेट करा’च्या जागी ‘रीसेट केल्याशिवाय आउटपुटांमधला फेज निश्चित नसतो’ असं लिहा. फक्त ते वाक्य समजलेलं असावं लागतं. न समजता वाचवता येत नाही. समजलं नाही तर निदान काढू नका, एवढं तरी पथ्य हवं. यॅमलमध्ये ‘वर्णन’ नावाची ऐसपैस जागा आहे, तिथे परिच्छेदच्या परिच्छेद मावतात. तरीही कित्येक स्कीमांत ती जागा रिकामी, नाहीतर ‘क्लॉक इनपुट: क्लॉकचा इनपुट’ असल्या पोकळ ओळींनी भरलेली दिसते. (असल्या ओळी तपासणारे मेंटेनर काढायला लावतात, आणि बरं करतात.)

विरोधकांचा एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. पूर्वी बोर्ड बनवणारा इंजिनिअर अर्ध्या तासात एक मजकूर लिहून पाठवायचा. आता त्याला पायथॉनचं साधन बसवावं लागतं, यॅमलमधल्या दोन रिकाम्या जागांच्या फरकावरून मार खावा लागतो, आणि ‘दिलेल्या कुठल्याही स्कीमाशी जुळत नाही’ अशा धर्तीचा त्रुटीसंदेश वाचून कपाळाला हात लावावा लागतो. या संदेशांबद्दल काय बोलावं! ‘जर-तर’च्या चार अटी असतील तर साधन चारही अटींची फिर्याद एकदम मांडतं, आणि खरी चूक कुठल्या फिर्यादीत आहे हे आपण ओळखायचं. हार्डवेअर ज्याला सगळ्यात जास्त कळतं, तोच माणूस या दारातून परत फिरतो. मग काम कोणाकडे जातं? ज्याला यॅमल येतं पण ती चिप ज्याने कधी पाहिलेली नाही, त्याच्याकडे. बहुतेकदा तो कर्नलमध्ये पहिलंच पाऊल टाकणारा विद्यार्थी असतो. ‘सुरुवात करायला सोपं काम’ म्हणून त्याला हे दिलं जातं.

सोपं कसलं? दुसऱ्याने काही वर्षांपूर्वी लिहिलेला संदिग्ध करार वाचून, त्यातली प्रत्येक पळवाट शोधून, दोन्ही पक्षांना मान्य होईल असा नेमका मसुदा करणं हे वकिलीतलं सगळ्यात सोपं काम आहे असं कोणी म्हणेल का? मुलं कष्टाळू असतात, आलेली प्रत्येक सूचना मनापासून पाळतात. पण त्यांच्याकडे बोर्ड नसतो. डेटाशीट कधी कधी गोपनीयतेच्या कराराआड असते. अशा वेळी त्यांना एकच पुरावा हाती लागतो: झाडात आधीपासून असलेल्या डिव्हाइस ट्री फायली. मग स्कीमा त्या फायलींना जुळेल असा शिवला जातो. चार बोर्डांनी क्लॉकची नावं उलट्या क्रमाने दिली आहेत? दोन्ही क्रम मान्य करून टाका. एका बोर्डाने नसलेली प्रॉपर्टी लिहिली आहे? ती ‘वैकल्पिक’ करून घ्या. इशारे शून्यावर येतात, सगळे खूश. पण बापाच्या मापाचे कपडे मुलाला घालण्याऐवजी इथे गणवेशच प्रत्येकाच्या पोटाच्या घेराने कापला गेला. जी चूक पकडायला स्कीमा आणला, तीच चूक आता स्कीमात नियम म्हणून बसली. मजकुरात होती तेव्हा तिला निदान कोणी चूक म्हणू शकत होतं.

इशाऱ्यांचा आकडा हे माप म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. मोजता येतं म्हणून आपण ते मोजतो. रूपांतराच्या पॅचसोबत एक प्रश्न हमखास विचारला जावा असं मला वाटतं: जुना मजकूर आणि प्रत्यक्ष बोर्ड यांच्यात तुला काय विसंगत सापडलं, आणि तू कोणाची बाजू घेतलीस? पॅचच्या निवेदनात या प्रश्नाचं उत्तर दोन-चार ओळींत हवं. काही मेंटेनर मजकुरापासून झालेले बदल निवेदनात लिहायला सांगतात. ते सगळीकडे सक्तीचं व्हावं. ‘काहीच विसंगत सापडलं नाही’ असं उत्तर आलं, तर लहान आणि साध्या चिपच्या बाबतीत ते खरं असू शकतं. एसआय५३५१सारख्या चिपच्या बाबतीत असं उत्तर आलं तर मी पॅच परत पाठवीन.

आता पैशांचं आणि श्रमांचं. चिप विकणारी कंपनी नफा कमावते, बोर्ड विकणारी कंपनी नफा कमावते, आणि त्यांच्यातला करार नीट लिहिण्याचं काम कोणीतरी सुट्टीच्या दिवशी फुकट करतो. नव्या चिपसाठी हे आता बरंचसं सुधारलंय. स्कीमाशिवाय नवं बाइंडिंग दाखल करून घेत नाहीत, त्यामुळे कंपन्यांच्या इंजिनिअरांना ते लिहावंच लागतं, आणि ड्रायव्हर झाडात हवा असेल तर गत्यंतर नसतं. जुन्याचं तसं नाही. चिप अजून विकली जाते आहे, तिचा मजकूर मात्र बेवारस. ज्या चिपचं उत्पादन चालू आहे तिच्या जुन्या मजकुराचं रूपांतर तिच्या उत्पादकानेच करावं, असं मला वाटतं. त्याच्याकडे डेटाशीटची न छापलेली पानं असतात, आणि ‘हे असं का’ याचं उत्तर देणारा माणूसही असतो, निदान असायला हवा. सक्ती कोणाला करता येणार नाही हे मलाही कळतं. पण त्याच कंपनीचा पुढच्या चिपचा पॅच आला की ‘आधी मागचं आवरा’ असं सांगता येतं. अनेक मेंटेनर सौम्य शब्दांत हे सांगतातही. सौम्यपणा जरा कमी केला तर बिघडणार नाही.

परवान्याचा एक मुद्दा आहे, कोरडा पण टाळता न येणारा. स्कीमाच्या फायली जीपीएल (बदलही खुले ठेवायला लावणारा) आणि बीएसडी (जवळपास निर्बंध नसलेला) अशा दुहेरी परवान्याखाली असाव्यात असा आग्रह असतो, म्हणजे लिनक्सबाहेरच्या प्रकल्पांनाही त्या निर्धास्त वापरता येतात. जुना मजकूर मात्र बहुधा फक्त जीपीएलखाली आलेला. त्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलायची तर मूळ लेखकांची संमती हवी. लेखकाचा जुना पत्ता बंद, कंपनी दुसरीत विलीन. मग एकच उपाय उरतो: मजकूर बाजूला ठेवून डेटाशीटवरून नव्याने लिहिणं. सुरुवातीला मला ही अडचण वाटली होती. आता वाटतं, हाच खरा मार्ग आहे. मजकूर समोर नसला की तुम्ही त्याची वाक्यं यॅमलमध्ये ओतत बसत नाही; चिपलाच प्रश्न विचारता. लिहून झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवा, आणि जिथे फरक पडेल तिथे बोट ठेवा.

मी रूपांतर केलेल्या त्या चिपच्या बाबतीत असे पाच फरक निघाले. तीन माझ्या चुका होत्या. एक मजकुराची. पाचव्यात डेटाशीटच्या दोन पानांवर दोन वेगळी उत्तरं होती, म्हणून बोर्डावर मोजून पाहावं लागलं, आणि जे मोजलं ते वर्णनात लिहून टाकलं.

स्कीमात ‘मेंटेनर’ नावाचीही एक जागा असते, आणि ती सक्तीची आहे. या हार्डवेअरबद्दल कोणाला विचारायचं, ते तिथे लिहायचं. जुन्या मजकुरात ही जागाच नव्हती. कोणी विचारायचंच ठरवलं तर इतिहास चाळून नाव काढायचं. रूपांतर करणारे बहुतेकदा ड्रायव्हरच्या लेखकाचं नाव तिथे टाकतात, त्याला न विचारता. त्याला चिप आठवत नसते, कधी कधी कर्नलशी त्याचा संबंधही उरलेला नसतो. मी बराच विचार करून माझं नाव टाकलं. त्यानंतर साताठ महिन्यांनी एका अनोळखी माणसाची मेल आली. त्याच्या बोर्डावर दुसरा आउटपुट बंद केला की तिसरा क्षणभर थरथरतो, स्कीमात याबद्दल काही नाही, हे असंच असायला हवं का? मला उत्तर माहीत नव्हतं. बोर्ड खणात होता. तो बाहेर काढला, प्रोब लावला आणि दुसरा आउटपुट बंद केला. तिसरा थरथरला.